तिसरं रीळ आधी

गड्ड्यावरच्या तंबूत त्या रात्री
ठरलेला सिनेमा आलाच नाही.
गुंटकलला पेटी दुसऱ्याच गाडीत चढली म्हणे.
मग मालकानं ट्रंकेच्या तळातनं काढला
एक जुना, मुका, अमेरिकेतला.
"पैसे परत मागायचे नाहीत बे,
हसला नाहीत तर बोला."

आम्ही पाच जण, तिकिटं तीन.
अम्माच्या ओच्यात शेंगा.
नान्नाच्या खिशात पाना,
तो देवळातही पाना घेऊनच जायचा.

पडद्यावर लांब नाकाचा एक माणूस,
उंच टोपी, बग्गी, बायको मोत्यांत,
सगळं गाव त्याला हात हलवतंय.
मग एकदम तोच माणूस
कोपरावर फाटलेला, भाडं थकलेला,
अंडी सोलायचं यंत्र घेऊन दारोदार.
यंत्र फुटलं. अंडं बँकेच्या साहेबाच्या मिशीवर.
आणि शेवटी तर तो नुसता बसला होता
चुलीशेजारी, पेन्सिलीला टोक करत.
तेवढ्यात दिवे लागले.

ऑपरेटरनं रिळं उलटी लावली होती.
मधल्या इंग्रजी पाट्या वाचणार कोण?
कुणालाच कळलं नाही,
नान्नाला तर मुळीच नाही.
यंत्र फुटलं तेव्हा तंबू हसून लोळत होता
आणि हा उभा राहून ओरडला,
पाळणेवाल्यांपर्यंत ऐकू जाईल असा:
"पट्टा उलटा बसवलाय बे त्यानं!"

त्याचे कान साच्यांनी नेले होते.
साखर पेठेत सव्वीस वर्षं जाबर,
खटाखट, खटाखट,
घरात मीठ मागायचा तेही ओरडून.
म्हणून तो सिनेमा त्याला फार आवडला.
"सगळे माझ्यासारखेच. ओठ हलतात, बास."

त्याचंही एक यंत्र होतं.
धागा तुटला की साचा आपोआप थांबावा,
घंटी वाजावी.
सायकलची घंटी, ग्रामोफोनची कमान,
आणि अम्माच्या विडीच्या सुपातली कात्री,
जी तिनं आठवडाभर शोधली,
उसन्या कात्रीनं पानं कापत
तेलुगूत शिव्या दिल्या.
मराठीत तिला पुरत नसत.

कारखानदार बघायला आला.
नान्नानं धागा तोडला. साचा चालूच.
दुसरा तोडला. चालूच.
कारखानदार शिंकला,
साचा थांबला, घंटी वाजली.
आम्ही दाराआड तोंडात ओढण्या कोंबल्या.
एकट्या नान्नालाच घंटी ऐकू आली नाही,
तो वाकून तिसरा धागा शोधत होता.
"पोशेट्टी, मला धाग्याचं पाहिजे होतं.
पडशाचं नाही."
आणि तरी जाताना त्यानं चहा घेतला,
दोन कप.

ते सगळं गड्ड्याच्या आधीचं.
गड्ड्यानंतर नान्ना रोज रात्री
बल्बखाली पेन्सिलीला टोक करत बसायचा.
कागद कोरा. भुसा मांडीवर.
"झोपा आता," अम्मा हातवारे करून सांगायची.
"झोपतो. तो माणूस जिथवर आला होता
तिथवर आलोय मी."
आणि खरंच खूश दिसायचा.

मागच्या उन्हाळ्यात, डांबर वितळत होतं तेव्हा,
नातवानं फोनवर तो सिनेमा शोधून दिला.
आता नीट, क्रमानं.
आधी पेन्सिल, मग अंडं, मग मोती.
माणूस बग्गीतनं हात हलवत गेला, संपलं.
नातू म्हणाला, "भारी आहे."
मी म्हटलं, "चुकीचा लावलायस."

पुन्हा मागं नेला.
यंत्र फुटायच्या जरा आधी थांबवला,
चष्मा कपाळावर सारून
दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

पट्टा
उलटाच होता.