आठ परसांवरचा वास

केतेवान म्हणाली, भांडं गाडायचं. गळ्यापर्यंत.
माणूस नव्हे, भांडं. हे दुभाष्याला
दोनदा सांगावं लागलं, कारण वाळीबा रसाळ
चाक थांबवून तिच्याकडे बघत राहिला.

क्वेव्री हा शब्द त्याच्या तोंडात बसेना.
"रांजण म्हणा," तो म्हणाला. "आणि जमिनीत, तर पेव.
आमचा आजा जोंधळा ठेवायचा असा.
तुम्ही पाणी ठेवाल, दारू ठेवाल,
मातीला काय, ती सांभाळते."

सहाशे लिटरचं पोट. वळीवर वळी,
दिवसाला चार बोटं, जास्त नाही,
नाहीतर बसतं.
पहिला भट्टीत तडकला.
दुसऱ्याला आतून मेण, रामशेजच्या कड्यावरच्या मोहळाचं,
रांजण गरम असतानाच चोळायचं.
माझ्या उजव्या अंगठ्यावर डाग आहे अजून.

आशेवाडीच्या या तुकड्यात अण्णांनी
तीस वर्षं पेटीची द्राक्षं काढली.
मण्याला माप असायचं, अठरा मिलिमीटर.
रिंगमधून खाली पडला तो मणी नापास.
चव कुणी विचारलीच नाही.

मी वरची पट्टी मागितली,
जिथं कुसळही रुसून उगवतं.
डॉगरीजच्या खुंटावर शेनिन बांधली.
अण्णा म्हणाले, दगडाला काय लागणार?
तेच बघायचंय, मी म्हटलं.

ऑक्टोबरात गोडी छाटणी.
(कात्रीला गोड म्हणणारा तो पहिला माणूस
मला भेटायला हवा होता.)
मग भुरी. मग सहा अंशांची पहाट,
मांडवाखाली शेकोट्या, डोळ्यांत धूर.
जानेवारीत मण्यात पाणी उतरलं
आणि मी रोज एक मणी फोडून
चावत बसले, थुंकत बसले, चावत बसले.

पहिल्या वर्षीची आंबली.
आईनं तिच्यात मिरच्या मुरवल्या, गावभर वाटल्या.
मिरच्यांचं कौतुक अजून होतं.

दुसऱ्या वर्षी घड टाकले सालीसकट, बियांसकट,
देठ पिकलेले तेवढेच.
वरून काही नाही, पुडीतलं यीस्टसुद्धा नाही.
अकरा दिवस रांजण बोलत होता,
रात्री मी उशाला कान द्यावा तसा जमिनीला दिला.
मग गप्प झाला.
पाटा, ओली चिकणमाती, वर मुरूम.
उन्हाळाभर आम्ही त्याच्यावरून चाललो,
एकेचाळीस अंशांत, चपला पोळत,
आणि खाली त्याला पत्ता नव्हता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उघडला.
दुधीच्या तुंब्यानं काढली पहिली धार,
न घासलेल्या पितळेच्या रंगाची.
अण्णांनी घोट घेतला, इकडेतिकडे फिरवला,
म्हणाले, "कडवट आहे."
आणि भांडं पुन्हा पुढं केलं.

आई घेत नाही. तिनं नुसता वास घेतला.
बराच वेळ घेतला.
"विहीर खणली तेव्हा," ती म्हणाली, "मी पाट्या ओढत होते.
काळी संपली, चुनखड लागली, मुरूम, मांजऱ्या.
आठ परसांवर गेरूचा पट्टा लागला, ओला.
पाणी अजून दिसलं नव्हतं,
पण पाटी वर आली आणि सगळे गप्प झाले.
तो वास हा."

फोनवर केतेवाननं विचारलं, आमच्यासारखी झाली का?
नाही, मी म्हटलं.
ती हसली. मग बरं, म्हणाली.
ढवळ्यापवळ्याची म्हण तिला सांगता येईना,
वाण तुझ्याकडचंही नाही, पण गुण लागला,
दुभाष्या बैलांपाशीच अडकला.

आज रांजण धुवायचाय.
शिडी लावून मी आत उतरले,
केरसुणी, चुन्याचं पाणी, कंदील.
इथं आवाज उशिरा पोचतात.
शेजारच्या ट्रॅक्टरचा फवारा म्हणजे कुणीतरी लांब खोकतंय.
कोणीतरी वरून चालत गेलं,
पावलांवरून अण्णा, डावा पाय जड.
थांबले.
मला हाक मारायची की नाही
हे ठरवत असावेत.
मी हात भिंतीला लावून उभी आहे,
मेण अजून थोडं चिकट आहे.