कड

फ्रेइरिनाच्या एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं
मी लोकांचे फोन जोडून दिले.
आज ऑलिव्हच्या वखारीमागे, पालथ्या क्रेटवर बसून
एका ताऱ्याची लाइन कधी तुटते
ते बघतेय.

तारा विंचवाच्या नांगीपासून चार बोटं उत्तरेला.
नुसत्या डोळ्यांना सापडत नाही, दुर्बिणीतही
मिठाचा खडा पडावा तेवढाच.
त्याच्यावरून आज एक दगड जाणार.
मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला,
एकोणीस किलोमीटरचा असावा म्हणतात.
नाव नाही. चार आकडी नंबर आहे,
आमच्या जुन्या डिरेक्टरीत असायचे तसा.
म्हणून मला तो लगेच पाठ झाला.

दगड दिसणार नाही, यास्ना म्हणाली होती.
शाळेत विज्ञान शिकवते ती, पाय जमिनीवर ठरत नाहीत तिचे.
तारा विझला की "गेला" म्हणायचं, पेटला की "आला".
फार तर दीड सेकंद.
रेडिओचे टिकटिक ठोके आणि तुमचा आवाज
एकाच टेपवर राहू द्या, बाकी मी बघते.
आणि तारा गेलाच नाही तर?
तर गप्प बसा, दोन्या एदुविना. पण गप्प बसलात
हे लिहून द्या.

उत्तर-दक्षिण रस्त्यावर चार-चार किलोमीटरवर
अकरा माणसं पेरली तिने.
बेकरीवाला, दोन खाणकामगार, चर्चचा माळी,
एक गरोदर नर्स, खुर्चीसकट.
नऊ नंबरवर मी.
आठ नंबरवर नोल्बेर्तो.

माझा भाऊ तो. आईची ऑलिव्हची झाडं त्याने विकली
त्याला अकरा वर्षं झाली,
तेवढीच वर्षं आमच्यात शब्द नाही.
आई असती तरी त्याचीच कड घेतली असती. नेहमी घ्यायची.
यास्नाला हे माहीत नाही.
किंवा असेल. गाव केवढंसं.

समुद्राकडून कामांचाका वर सरकू लागलं होतं,
ते ओलं, पांढरं धुकं. खालचे दिवे त्याने गिळले,
मग टाकीपाशी येऊन थांबलं, शेजारणीसारखं,
आत यावं की नाही या विचारात.
बाराला तेरा मिनिटं कमी.
मी डोळा लावला. टिक. टिक.
पापणी मिटू नये म्हणून जीभ दाताखाली धरली.

तारा होता.
तारा होता.
कुणाचा तरी कुत्रा भुंकला, खूप लांब.
तारा होताच.

वेळ उलटून गेल्यावरही मी पाच मिनिटं बसून राहिले,
उशिरा येणाऱ्या ट्रंक कॉलची सवय.
मग टॉर्चच्या उजेडात फॉर्म भरला:
पिधान झालं का? नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: दव. वारा नाही. कुत्रा.

रविवारी यास्नाने आलेखाचा कागद शाळेच्या बाकावर पसरला.
प्रत्येकाचा अंधार एकेक आडवी रेघ:
बेकरीवाल्याची लांब, नर्सची त्याहून लांब,
खाली खाली आखूड होत गेलेल्या,
आणि त्यातून उमटलेला दगड,
एका अंगाने चेपलेला, जुन्या किटलीसारखा.
सर्वांत खाली नोल्बेर्तोची रेघ. नखाएवढी.
शून्य पूर्णांक तीन सेकंद.
त्याच्या खाली माझी, जी मधे कुठेच तुटत नाही.

"तुमची 'नाही' नसती," यास्ना म्हणाली,
"तर हा दगड खाली कुठवर आहे ते कळलंच नसतं.
त्याची कड तुमच्या दोघांच्या मध्ये आहे. इथे कुठेतरी."
आणि तिने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

नोल्बेर्तो दाराशी उभा होता, टोपी हातात.
टेपवर त्याचं "गेला" आणि "आला"
एकमेकांवर आदळलेले ऐकू आले,
लहानपणी कालव्यात बुडी मारून
श्वास न पुरता वर यायचा, तसे.
मला हसू आलं. त्याने पाहिलं की नाही कोण जाणे.

घरी येऊन मी थर्मास धुतला.
त्याचा नंबर अजून तोंडपाठ आहे,
शेवटी सात.
तो मीच तर जोडून द्यायचे सगळ्यांना.