डावा की उजवा

आधी मला ते शिसं वाटलं.
जाळ्याच्या कडेला ओवतो तसली गोळी,
साबणाच्या फेसात बोटांना लागली.
दुखत नव्हती.
दुखली असती तर बोललो असतो कदाचित.
आमच्यात दुखण्याला तोंड असतं,
गाठीला नसतं.

दिवसभर बोटीवर
त्याच अवयवावरून शिव्या चालतात.
तांडेल देतो, खलाशी देतात, मीही देतो,
दोर अडकला की, इंजिन खोकलं की,
बांगड्याने पाठ फिरवली की.
पण दापोलीच्या डॉक्टरसमोर
मला तो शब्द सापडेना.
"खाली," म्हणालो. "जरा खाली."
मिसरूड फुटलेला पोरगा तो, त्यानेच म्हटलं, "वृषण."
शाळेत ते पान
मास्तरांनी घरी वाचायला दिलं होतं.

सोनोग्राफी रत्नागिरीला, पुढचं सगळं कोल्हापूरला.
रक्ताच्या तपासण्यांत एक अशी,
बायकांना दिवस गेलेत का ते जिच्यावरून कळतं.
माझी ती वाढलेली निघाली.
हर्षाली कागद उलटा धरून बघत राहिली,
मग तिला हसू फुटलं,
आणि हसता हसताच
तिने पदर तोंडात कोंबला.

हर्णै बंदरात मासळीआधी बातमीचा लिलाव होतो.
कोणी सांगितलं कोण जाणे,
निजाम परकारने मला हाक मारली,
ज्याच्याकडून मी रोज बर्फाच्या लाद्या उचलतो
आणि सुट्ट्या पैशांवरून भांडतो.
"डावा की उजवा?"
मी गप्प.
"अरे, डावा की उजवा?"
"उजवा."
"माझा डावा. आठ वर्षं झाली.
चल, दोघांत मिळून एक जोडी तरी पुरी."

लाद्यांच्या आडोशाला त्याने लुंगी सैल केली.
जांघेत बोटभर लांब, पांढरी रेघ.
"इथून काढतात. खालची पिशवी फाडत नाहीत.
लोकांना वाटतं तिथूनच."
थंडीने आमच्या दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती.
"खोकला आला तर उशी दाबून धर.
एसटीने परतू नको, गाडी कर,
आंब्याच्या घाटात एकेक वळण टाक्यांना कळतं.
आणि चड्डी घट्ट घे, नवी, बायकोला आणायला लाव,
तिलाही काहीतरी काम हवं."

बाकी सगळे म्हणत होते, काही होत नाही.
तो म्हणाला, "होतं रे. होऊन जातं."

आणखी एक.
"कापायच्या आधी विचार डॉक्टरांना,
बी राखून ठेवायची सोय आहे का.
मला कोणी बोललं नव्हतं."
एवढं सांगून तो लादी फोडायला वळला.
फार बारीक फोडली त्याने ती,
गिऱ्हाईक नव्हतं तरी.

सकाळी सातला, उपाशीपोटी,
हिरव्या झग्यात मी थिएटरच्या दाराशी.
त्याचा फोन आला. मागे क्रशर घरघरत होता.
काय बोलला ते ऐकूच आलं नाही.
मी "हो, हो" म्हणत राहिलो.

जागा झाल्यावर दोन दिवस
मी तिकडे हात नेला नाही.
तिसऱ्या दिवशी नेला.
एक बाजू रिकामी,
होडी ओढून नेल्यावर वाळूत उरते
तशी नुसती जागा.
रडलो थोडा. खोकलो. उशी दाबली.

आता दर अमावास्येला, उधाणाच्या दिवशी,
आंघोळीत उरलेल्याची चौकशी करायची
असं त्याने ठरवून दिलंय,
तारीख विसरशील, म्हणतो, भरती विसरणार नाहीस.
तीन महिन्यांनी स्कॅन आहे.
त्याच्या आदल्या रात्री झोप येणार नाही,
हेही त्याने आधीच सांगून ठेवलंय.

काल अमावास्या होती.
पाणी पार रस्त्याला लागलेलं.
मी अंग पुसून फोन लावला.
तो हॅलोबिलो म्हणत नाही.
"मऊ?"
"मऊ."
"बरं. उद्या वीस लाद्या ठेवू की पंधरा?"