धागा तुटला की

प्रशिक्षणात तीन दिवस शिकवलं,
वर्ग कसा सांभाळावा.
चहा दोनदा, पोहे एकदा,
पडद्यावर लाल-हिरवा दिवा,
टाळ्यांचे सात प्रकार.
मी सगळं उतरवून घेतलं, मस्टरवर सही केली
आणि सोमवारी अशोक चौकामागच्या गल्लीत
सातवी ब समोर उभी राहिले.
पट एकोणसाठ. पंखे दोन.
त्यातला एक फिरणारा.

"शांत बसा," म्हटलं.
माझं मलाच ऐकू आलं नाही.

पुठ्ठ्याचा लाल दिवा दाखवला. मुदस्सर म्हणाला,
"बाई, सात रस्त्यावर बी हाय की असला.
थांबतंय कोण?"
टाळी वाजवली, त्यांनी परत वाजवली,
आणि मधल्या सुट्टीपर्यंत वाजवतच राहिले.
बोलणाऱ्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिही,
असं शिवलीला बिराजदारला सांगितलं.
तिनं लिहिली. सगळ्यांची. मग स्वतःचं.
खाली रेघ मारून माझं.

जुलैत एकदा पट्टी उगारली होती.
तेही इथं लिहून ठेवते.
अंबादास वंगारीचा तळहात आपणहून पुढं आला,
सवयीचा हात,
बोटं जरा खाली झुकवलेली, लागू नये म्हणून.
पट्टी टेबलाच्या खणात टाकली.
खणाला कुलूप आहे. किल्लीचं विचारू नका.

तोच अंबादास चार दिवस आला नाही
म्हणून घरी गेले.
पुढच्या खोलीत दोन माग, मधे माणसापुरती वाट,
उंबऱ्याशी आई, मांडीवर सूप, सुपात विड्या.
"फार ओरडून बोलतो हो वर्गात," मी म्हटलं.
"आँ?"
परत म्हटलं.
"आँ?"
तिसऱ्यांदा मी ओरडले.
पायरीवरचं कुत्रं उठून गेलं.
बाई हसल्या, हात न थांबवता.

तेव्हा कुठं डोक्यात शिरलं.
या घरात तान्ह्या बाळालासुद्धा
मागापेक्षा वरच्या पट्टीत रडावं लागत असणार.

आत नरसय्या उभे, अंबादासचे वडील.
त्यांनी हाकच मारली नाही.
दोन बोटं वर केली आणि मोडली,
काडी मोडावी तशी.
पोरगं धावलं, माग थांबवला,
तुटला धागा शोधला, गाठ मारली.
मग बापाचा तळवा छातीवर.
चालू कर.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी दोन बोटं वर केली. मोडली.
अर्धा वर्ग जागच्या जागी गप्प.
उरलेल्यातून "काय बे, काय झालं?"
मग कोपरं, चिमटे,
मग पंख्याची कुरकूर ऐकू आली,
पहिल्यांदाच.

पुढं त्यांनीच मला शिकवलं,
कांडी संपली, मालक आला, विडीचं पान सुकलं.
पाणी आलं, याचीही एक खूण आहे.
ती कुणी केली की वर्ग माझा नसतो,
पाच दिवसांनी नळ येतो, मीच म्हणते, जा.
केंद्रप्रमुखांनी शेऱ्यात लिहिलं,
"हातवारे जास्त. टाळ्या नाहीत."

एप्रिल. सकाळची शाळा, नवालाच पत्रा तापलेला.
शेकडेवारी. शिवलीलाचं दशांशचिन्ह चुकलं,
एवढंच.
मी काय काय बोलले.
तिच्या आईपर्यंत गेले, घरातल्या भांडणाचा माझा राग
तिच्या वहीवर ओतला.

मागच्या बाकावरून दोन बोटं वर आली.
मोडली.

वर्ग थांबला. मीही.
खडू हातात, पाठीवरून घाम,
खिडकीबाहेर गल्लीतले सगळे माग चालू.
अंबादास बोटं खाली घेईना.

"शिवलीला," मी हळूच म्हटलं, "चुकलं माझं."
तिनं मान वर केली.
"आँ?"

मग मोठ्यानं म्हणावं लागलं.