खाचा

हर्णैच्या लिलावातून साडेसातला निघालो.
मागे दोन क्रेट: एकात बांगडा, एकात मांदेली,
वर बर्फ, बर्फावर ओलं पोतं.
आसूदच्या चढणीला गाडी म्हणाली, नाही.

दुसऱ्यातून पहिल्यात घालायला पाय दाबला
तर बुटाखाली धोंडा.
क्लच मुठीत पुरता आवळला तरी
गाडी पुढे ओढतच राहिली,
आणि न्यूट्रल तर गेल्या शिमग्यापासून
मी पाहिलंच नव्हतं.
हिरवा दिवा जळालाय की आहे, तेही विसरलो होतो.

लियाकत परकारचं गॅरेज म्हणजे
जांभ्याचा अर्धा गडगा, वर पत्रा,
फणसाच्या फांदीला टांगलेली जुनी साखळी.
दहा वर्षं इथून मी तिसऱ्या गेरात गेलोय.
मी हात वर करायचो, तो पाना वर करायचा.
एवढीच ओळख.

"काय झाला, चोगले?"
"गेर पडत नाय."
त्याने लिव्हर हातानेच वरखाली केली,
मान वाकडी करून ऐकलं.
"गेर बरा हाय. क्लच सोडीत नाय त्याला."

गाडी डाव्या अंगावर गडग्याला रेलली,
म्हणजे ऑइल सांडत नाही.
कव्हरचे बोल्ट निघतील तसे
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत भोकं पाडून खोचले,
लांब कुठला, आखूड कुठला, चुकायला नको.
मग एकेक प्लेट बाहेर,
करपलेल्या घावनांसारखी.
आरशाच्या तुकड्यावर ठेवून पाहिल्या. सरळ.
मागे क्रेटमधून पाणी टपकत होतं.
मी घड्याळ बघितलं, मग बांगड्याचे डोळे बघितले.

"ह्यो बग."
त्याने बोट डब्यात घातलं.
डब्याच्या दांड्यांवर खाचा पडलेल्या,
प्लेटांचे कान रोज जिथे आपटतात तिथेच,
नखाला लागतील एवढ्या.
त्या खाचांत प्लेटा अडकून बसायच्या,
वर मी क्लच कितीही ओढू दे.
"अर्ध्या क्लचवर चढतोस तू. रोजच्याला."
मी काही बोललो नाही.
मागे साठ किलो मासळी खाली खेचते
तेव्हा त्या चढाला मला भीती वाटते,
हे त्याला कशाला सांगू?

त्याने कानस घेतली.
खर्र, खर्र. थांबून बोट फिरवायचं. परत खर्र.

वास गेला असणार वर वाडीत.
एक बाई आली, हात पिठाचे, काखेत परात.
मग दुसरी. मग एक पोर डबा घेऊन,
पैसे मुठीत, काय आणायचं ते विसरलेलं.
"आज थांबलास होय!
रोज भोंगा देतोस नि पळतोस.
आमी ताट घेऊन रस्त्याला येईस्तवर
तुजी धूळसुद्धा खाली बसलेली."

तो भोंगा मी वळणासाठी द्यायचो.

दहा वर्षं. पहिल्यांदा कळलं
की वळणाच्या पलीकडे कुणी ताट घेऊन धावायचं.
तिथेच तराजू काढला.
मांदेलीचा क्रेट संपला तेव्हा
लियाकत बोल्ट रिकामे करून
त्याच पत्रिकेचा गॅस्केट कापत होता,
हातोडीने कडा ठोकून, तेल लावून.
नवऱ्यामुलाचं आडनाव इंजिनात गेलं,
मुहूर्त बाहेर राहिला.

किक. दुसरी किक.
पहिला पडला. दुसरा पडला.
मग त्याने पायाच्या बोटाने अर्धाच धक्का दिला
आणि मीटरवर दिवा लागला,
हिरवा, उन्हात दिसेल न दिसेल असा.
मी उगाच दोनदा घालवून परत आणला.

दोनशे रुपये आणि आठ बांगडे.
"किती दिवस चालंल?"
"पावसापातुर. मंग खेडहून नवा डबा आण."

पाऊस येऊन गेला.
डबा मी अजून आणलेला नाही.
वळणाआधी भोंगा देतो, पाय अर्धा दाबतो,
गाडी उभी. बायका येतात,
सुटे पैसे कुणाकडेच नसतात.
पलीकडून लियाकत पाना वर करून विचारतो, कधी?
मी बांगड्याची शेपटी धरून दाखवतो.
तो मान हलवतो, आणि ताट घेऊन येतो.