वंश निवडा

किरुनात डिसेंबर. सूर्य रजेवर.
डोंगराखालचं लोखंड उपसून उपसून
जमीन खचत चालली, म्हणून गावच उचलून
तीन किलोमीटर पलीकडे नेताहेत.
बीरेतची खोली अजून जुन्या बाजूला,
भिंतीत करंगळी जाईल एवढी चीर,
चिरेत कोंबलेला लोकरी मोजा.

रात्रीचे नऊ. तिघं तीन घरांत, कानांवर हेडफोन.
नवा गेम. पहिलीच ओळ पडद्यावर:
वंश निवडा.

तोरब्यॉर्न रोज हजारभर मीटर खाली उतरतो,
दाढी छातीपर्यंत. सगळे म्हणतात,
तू तर आयता ड्वॉर्फ.
"आठ तास तेच करतो. घरी येऊन पुन्हा कुदळ?"
त्यानं पंखवाला घेतला, पोकळ हाडांचा,
एका फटक्यात मरणारा.
मरतोच तो. पण उंचावरून.

सॅना वॉर्डात नर्स. तिला ऑर्कच हवी,
सात फुटी, सुळे ओठांबाहेर.
"ऑर्कबाईला कोणी
'ए पोरी, उशी सरकव' म्हणत नाही.
आणि ती हसली नाही
तर वरपर्यंत तक्रार जात नाही."

एल्फ कोणालाच नको.
"सातशे वर्षं जगायचं? या पगारात?"

उरली बीरेत. चाळीस मिनिटं होत आली.
जात नाही ती जात, असं म्हणतात;
इथे ती डाव्या बाणानं जाते
आणि उजव्यानं दुसरी येते.
सरडेमाणूस: विष बाधत नाही.
मांजरमाणूस: अंधारात दिसतं.
माणूस: विशेष गुण नाही.

मग सरकपट्ट्या.
कपाळ. गालफडांची रुंदी.
कवटी: लांब ते गोल.
बीरेतचा अंगठा कवटीवर थांबला.

आईच्या कपाटात एका फोटोची प्रत आहे.
पणजोबांची बहीण, एकदा समोरून, एकदा बाजूनं.
दक्षिणेकडून डॉक्टर आले होते लोखंडी कंपास घेऊन,
सामी लोकांची डोकी मोजायला.
ते लोखंड कुठल्या डोंगराचं, कोण जाणे.
फोटोमागे क्रमांक आहे, चारशे ब्याऐंशी.
नाव लिहिलेलं नाही.

बीरेत पट्ट्या सरकवत राहिली.
गालफडं जमली. हनुवटी जमली.
पण त्या बाईनं कंपासवाल्याकडे
ओठ एका बाजूला दुमडून जे पाहिलंय,
नासलेल्या दुधाकडे पाहावं तसं,
त्याला पट्टी नव्हती.

"अगं, मी दोनदा मरून आलो," कानात तोरब्यॉर्न.
"मला सहाची ड्यूटी आहे," सॅना.

तिनं सगळं पुसलं. मांजरमाणूस घेतला,
पाठ करडी, एक कान जरा फाटका.
अंधारात दिसतं, बास.
डिसेंबरात तेवढंच कामाचं.

नाव?
रिस्तेन.
हे नाव आधीच घेतलेलं आहे.

बीरेत खुर्चीत मागे रेलली.
म्हणजे आत्ता, या घटकेला, कुठेतरी
कोणीतरी या नावानं हिंडतंय,
बाजारात फुटकी ढाल विकतंय,
भावावरून भांडतंय.
तिला बरं वाटलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

खाली गेमची सूचना होती: पुढे आकडा जोडून पाहा.
"आकडा नको."
"कसला आकडा?" सॅनानं विचारलं.
बीरेत काही बोलली नाही. आईकडची माणसं हाक मारत
तसं टाइप केलं, बापाचं नाव आधी:
आन्ते-रिस्तेन.
चाललं.

पहिल्याच पुलावर लांडगे.
तोरब्यॉर्न वरून पडला, सॅना हसत सुटली,
ड्यूटीचं कोणी काढलं नाही.
दीडच्या सुमाराला खाणीत सुरुंग उडाले,
रोजच्यासारखे. खिडकी थरथरली,
मोजा चिरेतून खाली पडला.
पडद्यावर मांजर पुलाच्या कठड्यावर बसून होती.
तिनं नुसता फाटका कान
आवाजाकडे वळवला.