बोअर क्रमांक चौदा, वरळी

पेटी उघडी ठेवलीय उन्हात.
पॅकिंगच्या फळ्यांची, पाच खाचांची,
खाचांतून आडवे निजलेले दगडाचे दांडे,
मनगटाएवढे, अजून ओले.

वरून खाली वाचत जायचं, हे माझं काम.
शून्य ते तीन मीटर: भराव.
विटांचे रोडे, कौलाची खापरं, निळ्या बांगडीचा तुकडा,
कुठल्याशा गिरणीच्या बॉयलरमधली राख.
तीन ते सात: खाडीचा चिखल. शिंपले. वास.
सात ते नऊ सत्तर: मुरूम.

मुरूम म्हणजे काय, नव्या पोराने विचारलं.
हुसनप्पा ड्रिलवरचा हात न काढता म्हणाला,
"दमलेला कातळ."
मी दुरुस्ती केली नाही.
पाणी आधी केसाएवढी फट शोधतं,
मग फटीच्या कडा गोल करतं,
मग कांद्यासारखा पापुद्र्यामागून पापुद्रा सुटतो
आणि आत मुठीएवढा गाभा उरतो, काळा, हट्टी,
ज्याला निरोप अजून पोचलेला नाही.

हातोडी मारते.
वरचा तुकडा भद्द बोलतो,
खालचा खण्ण.
इथून कातळ.
रसरशीत होता तेव्हा याच्यात वायू खदखदत होता.
वायू गेला, भोकं राहिली,
भोकांत झिरपलं पाणी, पाण्यातले क्षार,
आणि क्षारांची पांढरी फुलं,
कुणी बघायला नसताना.

अकरा वीस.
दोन कातळांच्या मधे
पाटीसारखा वीतभर थर.
म्हणजे एक लाव्हा निवून दुसरा यायच्या आत
इथे तळं होतं.
गाळ तळाशी बसायला लागतो
तेवढा निवांतपणा वरळीत होता.
नखाने पापुद्रा उचलला.
बेडकाची तंगडी.
तांदळाच्या दाण्याएवढं हाड, गुडघ्यात दुमडलेलं.

लॉगशीटवर बेडकाला रकाना नाही.
लिहिलं: शेल, काळसर, ठिसूळ.

नियम असा की दहा सेंटिमीटरहून तोकडे तुकडे
खडकाच्या हिशेबात धरायचे नाहीत.
टेप लावते. आठ. सहा. साडेनऊ.
हुसनप्पा बघत असतो.
"मॅडम, माझी आजी चांदिवलीच्या खाणीत
जन्मभर याच्याहून बारीक खडी फोडत होती.
रस्त्यात गेली ती सगळी, कुठकुठल्या.
तिला कशात धरायचं?"

चहा आला. कुणी काही बोललं नाही.
साडेनऊच्या तुकड्यापुढे मी दहा लिहिलं,
मग खोडलं,
मग पुन्हा साडेनऊ.
बेडकाचा पापुद्रा मात्र टिपकागदात गुंडाळून
डब्याच्या पिशवीत टाकला.

पाचला पेटीवर झाकण, झाकणावर चार खिळे.
पोराने नळी सोडून यंत्र धुतलं.
दगडाचं पीठ झालेलं करडं पाणी
पत्र्याखालून निघालं, फुटपाथ ओलांडून
गटारात, गटारातून समुद्राकडे,
कुठेतरी जाऊन
पुन्हा तळाशी बसायला.